४ मिलिमीटरची पेनसुई: इंजेक्शनच्या जागी येणाऱ्या गाठींच्या संदर्भात परीक्षण

इन्सुलिन पेनला लावायची ४ मिलिमीटर लांबीची, ३२ गेजची सुई मी रोज वापरते आणि ती इतरांनाही निःशंकपणे सुचवेन. मात्र ही सुई घेतली की इंजेक्शनच्या जागी येणाऱ्या दुखऱ्या गाठी थांबतील, असे जे अनेकांना सांगितले जाते, ते अपुरे आहे. टोचताना होणारी वेदना या सुईने नक्की कमी होते. गाठ येणे वा न येणे हे मात्र तिच्या लांबीपेक्षा आपण ती कुठे आणि किती वेळा टोचतो यावर अधिक अवलंबून असते.

आधी सुईबद्दल. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. ३२ गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास साधारण ०.२३ मिलिमीटर असतो आणि योग्य जागी टोचली तर ती आत गेल्याचे अनेकदा जाणवतही नाही. पूर्वी ८ आणि १२.७ मिलिमीटरच्या सुया सर्रास वापरल्या जात, आणि अंगाने स्थूल असलेल्या व्यक्तीला लांब सुईच हवी, हा समज आजही घट्ट आहे. प्रत्यक्षात इंजेक्शनच्या जागी त्वचेची जाडी सरासरी २ ते २.५ मिलिमीटर भरते आणि ती कृश व स्थूल माणसांत फारशी बदलत नाही. बदलतो तो तिच्याखालचा चरबीचा थर. म्हणजे ४ मिलिमीटरची सुई त्वचा ओलांडून चरबीत पोचायला पुरेशी असते आणि स्नायूपर्यंत जाण्याची शक्यता मात्र फारच कमी राहते. स्नायूत गेलेले इन्सुलिन जास्त दुखते, शिवाय रक्तात वेगाने उतरून साखर अचानक खाली आणू शकते. २०१५ मध्ये रोम येथे ५४ देशांतील १८३ तज्ज्ञांनी एकत्र येऊन इंजेक्शनच्या तंत्राविषयी शिफारशी तयार केल्या, आणि त्यांतही प्रौढांना, त्यांचे वजन कितीही असो, ४ मिलिमीटरची पेनसुईच सुचवलेली आहे.

ही सुई सरळ, त्वचेशी काटकोनात टोचायची असते. बहुतेकांना चिमटीत कातडी धरावी लागत नाही. लहान मुले आणि अगदी कृश व्यक्ती यांनी ती हलकेच उचलून धरावी. बटण पूर्ण दाबल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत सुई आतच ठेवावी, नाहीतर थेंब बाहेर येतो. सुईचा पाया कातडीवर जोराने दाबू नये, हे मात्र मुद्दाम सांगायला हवे. तसा दाब दिला की आखूड सुईही ठरलेल्यापेक्षा खोल जाते आणि तिच्या आखूडपणाचा फायदाच उरत नाही.

आता गाठींकडे वळू. इंजेक्शनच्या जागेचे दुखणे इन्सुलिनच्या उपचाराइतकेच जुने आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा अर्क टोचला गेला, तेव्हा तो पुरेसा शुद्ध नव्हता आणि टोचल्या जागी गळू झाले होते. आज आपल्याला दिसणाऱ्या बहुतेक गाठींमागे मात्र अशुद्धता नसून इन्सुलिनचा स्वतःचा गुणधर्म असतो. इन्सुलिन चरबीच्या पेशींना वाढायला लावते. तेच इन्सुलिन रोज त्याच चार बोटे जागेत पडत राहिले आणि तिथल्या ऊतींना पुन्हापुन्हा इजा होत राहिली, की तेथे चरबीचा रबरासारखा लवचिक फुगवटा तयार होतो. डॉक्टर याला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात.

अशा गाठी अनेकदा दुखत नाहीत, आणि मला यातच मोठा धोका दिसतो. गाठीच्या भागात संवेदना बोथट होते, तिथे टोचलेले कळत नाही, म्हणून माणूस सोयीसाठी पुन्हा तिथेच टोचतो आणि गाठ वाढतच जाते. बारीक, आखूड सुई ही सोय आणखी वाढवते. शिवाय गाठीतून इन्सुलिन अनियमितपणे शोषले जाते. कधी जेवणानंतर साखर चढीच राहते, कधी काही कारण नसताना एकदम उतरते, आणि दोष जेवणावर किंवा डोसवर ढकलला जातो. स्पेनमधील ४३० इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांतील जवळपास दोन तृतीयांश लोकांना अशा गाठी होत्या, आणि जागा नीट बदलणाऱ्यांत त्यांचे प्रमाण अगदी थोडे होते. साखरेचा हिशेब लागत नसेल, तर डोस वाढवून घेण्याआधी पोटावर आणि मांड्यांवर हात फिरवून पाहावा. सगळ्याच गाठी डोळ्यांना दिसत नाहीत. साबणाच्या ओल्या बोटांनी चाचपल्यावर मऊ कातडीतला घट्ट भाग सापडतो.

गाठ दुखत असेल, तर कारण वेगळेही असू शकते. फ्रिजमधून नुकतेच काढलेले थंड इन्सुलिन झोंबते. वापरात असलेले पेन त्याच्या माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेत खोलीच्या तापमानाला ठेवले, तर हा त्रास टळतो. स्पिरिट सुकण्याआधी टोचले तरी चुरचुरते. निळसर डाग पडून दुखत असेल, तर बारीक रक्तवाहिनी दुखावलेली असते आणि ते आपोआप बरे होते. मात्र जागा लाल, गरम आणि ठणकणारी असेल, पू येत असेल, खाज सुटून गांधी उठत असतील किंवा गाठ दगडासारखी कडक लागत असेल, तर ती डॉक्टरांनाच दाखवावी. या लक्षणांवर सुई बदलणे हा उपाय नव्हे.

ही सुई एकदाच वापरण्यासाठी बनवलेली आहे. खर्चामुळे पुष्कळ लोक ती पुन्हा वापरतात, आणि त्यांची अडचण मला समजते. पण इतक्या बारीक सुईचे टोक वापरागणिक बोथट होते, तिच्यावरचा गुळगुळीत लेप निघून जातो, टोचताना जास्त दुखते, आणि सुई पुन्हा वापरण्याचा गाठींशी संबंध अभ्यासांत दिसून आलेला आहे. सुई पेनवर तशीच ठेवली तर आत हवा शिरते, इन्सुलिन गळते आणि पुढचा डोस कमी पडतो. काटकसर करायचीच असेल तर ती सुईत करू नये, असे माझे ठाम मत आहे.

जागा बदलणे म्हणजे आज डावीकडे, उद्या उजवीकडे, इतकेच नव्हे. पोटाचे चार भाग कल्पावेत, एका आठवड्यात एकच भाग वापरावा, प्रत्येक इंजेक्शन आधीच्यापासून किमान १ सेंटिमीटर, म्हणजे बोटभर अंतरावर घ्यावे, बेंबीलगतची जागा सोडावी आणि त्याच बिंदूवर निदान चार आठवडे परत येऊ नये. आखूड सुई इथे खरोखर उपयोगी पडते, कारण मांडीच्या बाहेरच्या अंगाला किंवा नितंबावर टोचण्याची भीती कमी होते आणि वापरण्याजोगे क्षेत्र वाढते. मला या सुईचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो.

गाठीची जागा सोडून निरोगी कातडीत टोचायला सुरुवात करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावी. गाठीतून अर्धवट शोषले जात होते म्हणून वाढवत नेलेला डोस निरोगी जागी पूर्ण लागू पडतो आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. अशा वेळी डोस सहसा कमी करावा लागतो, तो किती हे डॉक्टरच ठरवतात, आणि त्या काळात साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी लागते. सोडलेली गाठ मऊ पडायला काही आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत वेळ लागतो. ती चोळून किंवा शेकून जाईल या आशेने छळू नये.

सुईबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. मोठा डोस असला की बारीक नळीतून तो ढकलायला बटण जास्त जोराने आणि जास्त वेळ दाबावे लागते. बोटांत ताकद कमी असलेल्या वयस्कर माणसांनी रुंद पोकळीची, पातळ भिंतीची सुई मागून घ्यावी. दुसरी तक्रार मी घेतलेल्या खोक्यातल्या कागदाची आहे. त्यावर सुई कशी लावायची, टोपण कसे काढायचे हे चित्रांसह सांगितले आहे, पण टोचण्याआधी जागा बोटांनी चाचपावी, हे एका ओळीतही नाही. तिथे पोट आणि मांड्यांची आकृती छापली असती, तर नव्याने इन्सुलिन सुरू करणाऱ्याला पहिल्या आठवड्यापासूनच जागांची नोंद ठेवता आली असती.