बोअरच्या मोटारीच्या केबलचा जॉईंट दुसऱ्यांदा केला त्याला अकरा महिने झाले, काय टिकलं काय नाही

आधी माझी परिस्थिती सांगतो म्हणजे पुढचं वाचायचं का नाही ते ठरवता येईल. पुरंदर तालुका, दोन एकर सीताफळ आणि थोडं अंजीर, ४०० फूट बोअर, त्यात ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल २८० फुटांवर टांगलेली, जीआय पाईप २० फुटी, केबल ४ एमएमची तीन कोअर फ्लॅट. बोअरच्या तोंडाशी केबल जोडायचा एक डबा आणि तिथून पुढं १३० फुटांवर स्टार्टरची पेटी. २०२३ ला पाऊस दगा देऊन गेला आणि २०२४ च्या एप्रिलात मोटार हवा ओढायला लागली. पंधरा मिनिटं पाणी, मग नुसतं फुसफुस. म्हणून तीन पाईप वाढवून मोटार ३४० वर नेली.

आता मोटार ६० फूट खाली गेली की तिच्याबरोबर केबलही ६० फूट खाली जाते, म्हणजे डब्यात असलेलं जुन्या केबलचं टोक आता जमिनीखाली ५५ फुटांच्या आसपास, आणि तिथं नवीन तुकडा जोडणं आलं. ज्यांची केबल मोटारीपासून पेटीपर्यंत अखंड आहे त्यांनी हा जॉईंटच टाळावा. माझ्या चुलतभावानं पेटीच उचलून बोअरजवळ आणली, वर पत्र्याची टपरी केली, विषय संपला. माझ्याकडं तो मार्ग नव्हता.

एप्रिलमधला पहिला जॉईंट कसा झाला ते सांगतो, कारण खरी अक्कल तिथंच आली. चेनकप्पीवर पाईप लटकलेले, ज्यांची पाईप उचलायची घोडी होती त्यांना दुपारी दुसरीकडं जायचं होतं, दोन वाजता लाइट येणार होती. वायरमननं तिन्ही वायरी सोलल्या, पिळल्या, प्रत्येकीवर काळी टेप, मग सगळ्यावर मिळून अजून टेप, एवढं मोठं कणसासारखं बोंड झालं. मी विचारलं पाणी नाही ना जाणार, तर म्हणाला, "मालक, पाणी अडीचशेवर आहे, जॉईंट पन्नासवर. पाणी काय उडी मारून येणार का?" मलाही पटलं. उन्हाळाभर मोटार झकास चालली.

पण बोअरचं पाणी काय एप्रिलच्या जागी बसून राहत नाही. पाऊस चांगला झाला, सप्टेंबरात पाणी २५ फुटांवर आलं आणि तो कोरडा जॉईंट ३० फूट पाण्याखाली गेला. ३० फूट पाणी म्हणजे जवळपास १ किलोचं प्रेशर, ते टेपच्या प्रत्येक पदरातून आत घुसायला बघतं, आणि एकदा तांब्याला लागलं की तारांच्या मधल्या फटीतून केबलच्या आतही चढतं.

लक्षण पहिलं काय दिसलं तर आमच्या मातोश्रींना व्हॉल्व्ह फिरवताना हाताला झिणझिण्या आल्या. त्या म्हणाल्या मुंगी चावली असेल. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी पेटीतला ओव्हरलोड, म्हणजे जास्त करंट ओढला की मोटार बंद करणारा, दहा-दहा मिनिटांनी पडायला लागला तेव्हा माझी ट्यूब पेटली. इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो, पाईपला किंवा व्हॉल्व्हला जरा जरी करंट जाणवला तरी मोटार त्याच क्षणी बंद करा, "चप्पल घालून फिरवू" असलं काही नको. नुसती पेटी बंद करून पण चालत नाही कारण आमच्याकडं सगळ्यांच्या पेटीत ऑटो असतो, आठवडा दिवसा आठवडा रात्री अशी लाइट, लाइट आली की मोटार आपोआप सुरू. ऑटो काढा, मेन पाडा, तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून स्वतःच्या खिशात ठेवा. मी तसंच केलं आणि दोन दिवस ते खिशात घेऊन लग्नालाही जाऊन आलो.

मेगर, म्हणजे वायरीतून करंट बाहेर गळतो का ते मोजायचं यंत्र, लावला तर रिडिंग ०.१ मेगाओहम; हा आकडा जितका मोठा तितकं चांगलं. जो तो म्हणायला लागला मोटार गेली, बाहेर काढा, भरायला टाका. सतरा पाईप काढायची मजुरी आणि वर वाइंडिंगचा खर्च, डोळ्यासमोर आकडे नाचायला लागले. यावेळी दुसरा वायरमन आणला होता, वयानं मोठा, आम्ही त्यांना अण्णाच म्हणतो. ते म्हणाले आधी तीन पाईप वर घेऊ, जॉईंट तोडू आणि मोटारीच्या बाजूचं वेगळं मोजू. तोडल्यावर मोटारीच्या बाजूला १५ मेगाओहम. म्हणजे मोटार आणि तिची २८० फूट केबल ठणठणीत, भानगड त्या कणसातच. टेप सोलली तर काकवीसारखा काळा चिकटा हाताला, आत तांबं हिरवं पडलेलं, आणि पिवळ्या-निळ्या वायरीच्या मधे जळून कोळसा झालेली बारीक रेघ. तिन्ही जोड एकाच जागी असल्यामुळं पाणी आत आल्यावर फेजला फेज भेटायला वेळ लागला नाही.

आता दुसरा जॉईंट, म्हणजे ज्याचा हा अनुभव आहे. सामान असं: तांब्याच्या क्रिम्पिंग स्लीव्ह (दोन तारा आत घालून दाबायच्या नळकांड्या) ४ एमएमच्या तीन, आतून गोंद असलेल्या हीट श्रिंक, म्हणजे तापवलं की आवळणाऱ्या, नळ्या तीन बारीक आणि एक मोठी, सेल्फ बाँडिंग रबर टेप, पॉलिश पेपर, स्पिरिट. सगळं मिळून तीनशेच्या आत बसलं. क्रिम्पिंगचा पाना अण्णांचा. नळी घेताना गोंदवाली आहे का ते आत बोट घालून बघा, साधी नळी बाहेरून तशीच दिसते, निम्म्या किमतीत मिळते आणि पाण्यात काही कामाची नाही.

आधी अण्णांनी केबल कापतच नेली. मी म्हटलं पुरे, ते म्हणाले हिरवं आहे अजून. दीड फूट कापल्यावर लालबुंद चकचकीत तांबं लागलं तेव्हा थांबले. त्यामुळं एप्रिलात दहा फूट केबल जास्तीची ठेवली होती ती कामाला आली. मग तिन्ही कोअर एका लांबीच्या नाही ठेवल्या, लाल आखूड, पिवळी तीन इंच लांब, निळी अजून तीन इंच लांब, आणि दुसऱ्या बाजूला बरोबर उलटं. त्यामुळं तीन जोड तीन वेगळ्या जागी येतात, एकात पाणी गेलं तरी शेजारी दुसरा उघडा नसतो, आणि बोंडही होत नाही.

माझा पराक्रम पण सांगतो. बाहेरची मोठी नळी जोडायच्या आधीच केबलवर सरकवून ठेवायची असते, ती माझ्याकडं दिली होती आणि मी ती खांद्यावर टाकून उभा. दोन जोड क्रिम्प होऊन गेल्यावर अण्णांनी विचारलं मोठी नळी कुठाय. मग काय, दोन्ही तोडले, अजून चार इंच केबल गेली, दोन स्लीव्ह वाया, पोराला गाडीवर सासवडला पिटाळलं. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त तंबाखू मळत बसले, ते जास्त लागलं.

क्रिम्प प्रत्येक बाजूला दोन-दोन दाब, मग दोन्ही हातांनी ओढून बघायचं, सुटत नाही ना. वायरीच्या कव्हरवर पॉलिश पेपर मारून स्पिरिटनं पुसायचं, नाहीतर हाताचं तेल लागलेल्या कव्हरवर गोंद बसत नाही. शेतात लाइट बंद म्हणजे हीट गन नाही, म्हणून छोटा गॅस टॉर्च वापरला, ज्योत लांबून, सारखी हलवत, नळीच्या मधून सुरू करून कडेला न्यायची म्हणजे हवा बाहेर पडते. नळी आवळत गेली आणि दोन्ही तोंडातून गोंदाचा बारीक थेंब बाहेर डोकावला, अण्णा म्हणाले झालं, हाच थेंब बघायचा असतो, तो सगळ्या बाजूंनी आला तर आत जागा उरली नाही. तिन्ही झाल्यावर मधल्या खाचांत रबर टेप ताणून भरली आणि वरून मोठी नळी. गार होईपर्यंत वाकवायचं नाही, आम्ही तेवढ्यात चहा घेतला.

मग बादली. जॉईंटचा भाग वाकवून पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवला, पाण्यात मूठभर मीठ, आणि पाऊण तास तसाच. जोडायच्या आधी मोटारीच्या बाजूचं रिडिंग १५ होतं, आता ५०० व्होल्टचा मेगर एक टोक वायरीला आणि दुसरं पाईप आणि बादलीतलं पाणी दोन्हींना मिळून लावून मोजलं, १५ च. म्हणजे जॉईंटनं आकडा खाली ओढला नाही. पहिल्या वेळी ही एक बादली ठेवली असती तर पुढचं सगळं वाचलं असतं, पण दोन वाजता लाइट येणार होती ना.

खाली सोडताना दर दहा फुटांवर ट्यूबच्या पट्टीनं केबल पाईपला बांधली, जॉईंटच्या वर थोडी ढील ठेवली म्हणजे केबलचं वजन त्याच्यावर येत नाही, आणि जॉईंट सॉकेटवर, म्हणजे दोन पाईप जोडणाऱ्या कड्यावर, येणार नाही असा बघितला कारण सॉकेट बोअरच्या भिंतीला घासतो. जोडताना रंगाला रंग लावला होता म्हणून मोटार सरळ फिरली, उलटी फिरली असती तर पाणी निम्म्यावर येतं आणि माणूस उगाच पंपाला दोष देत बसतो.

अकरा महिन्यांचा हिशोब असा. मेगर माझ्याकडं नाही, अण्णा रस्त्यानं जाताना थांबतात तेव्हा मोजून घेतो: नोव्हेंबर १४, जानेवारी १५, मे १८, आणि आता ऑगस्टमध्ये १३. पाणी वर आलं की थोडा उतरतो, आणि तेवढं चालतं, १ च्या खाली आला तर काळजी. अँपिअर तिन्ही फेजला साडेनऊच्या आसपास, फरक नाही. झिणझिण्या बंद. बोअरच्या झाकणाला वेगळी अर्थिंग दिली आणि पेटीत ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवला, तो विजा कडाडताना दोनदा पडला, बाकी गप आहे. मातोश्री मात्र अजून व्हॉल्व्ह फडकं घेऊनच फिरवतात.

पाच पैकी पाच का देत नाही ते सांगतो. मे मध्ये वरच्या पाईपचा एक सॉकेट गळायला लागला म्हणून तीन पाईप परत वर आले आणि जॉईंट डोळ्यांनी बघायला मिळाला. आतल्या तिन्ही नळ्या कालच केल्यासारख्या, पण बाहेरची मोठी नळी एका कडेला नखभर सुटलेली. फ्लॅट केबलची हीच अडचण आहे, नळी गोल आवळते आणि केबल चपटी, कडेला कोपरा धरत नाही. आम्ही दोन्ही तोंडांवर रबर टेप दुप्पट ताणून चार-चार इंच गुंडाळली. मी परत केलं तर हे पहिल्यापासूनच करीन. २०२५ ला पाऊस मे मध्येच कोसळला त्यामुळं जॉईंट लगेच परत बुडाला, तेव्हापासून सलग पाण्यात आहे.

अजून एक, तुकडा जुन्या केबलच्याच जाडीचा घ्या. शेजाऱ्यांनी २.५ चा लावला, स्वस्त पडला म्हणून. माझी सगळी लांबी ४७० फूट आहे, १० अँपिअरला ४ एमएममध्ये साधारण १० व्होल्ट पडतात, सगळी २.५ ची असती तर १६ च्या आसपास पडले असते. शहरात त्याचं काही वाटणार नाही पण आमच्याकडं संध्याकाळी लाइटच ३६० व्होल्टची येते, तिथं मोटारीला एकेक व्होल्ट महाग आहे.

अखंड नवीन केबल टाकली तर उत्तमच, पण ३४० फुटांची वीस हजाराच्या पुढंमागं जाते, आणि तरी मोटारीजवळचा जॉईंट राहतोच कारण मोटारीला कंपनीकडून दोन-तीन मीटरचाच तुकडा येतो. म्हणजे पाण्याखाली एक जॉईंट प्रत्येकाच्या बोअरमध्ये आहेच, तो कुणी कसा केलाय हे आपल्याला माहीत नसतं. माझा तो खालचा कुणी केला मलाही आठवत नाही. पुढच्या उन्हाळ्यात मोटार कधी वर आली तर आधी तोच उघडणार आहे, नळ्यांचा एक जादा संच आत्ताच पेटीत आणून ठेवलाय, मोठी नळी धरून.