नागपूरहून जुनी नाणी, तबकड्या, ग्रामोफोन पाठवायचा आहे: टपाल, कुरिअर, ट्रॅव्हल्स की ट्रान्सपोर्ट?

संग्रहातली वस्तू हरवली की बाजारातून दुसरी आणता येत नाही. म्हणून पाठवायचा मार्ग ठरवताना ‘किती दिवसांत पोचेल’ आणि ‘किती पैसे पडतील’ हे प्रश्न मी नंतर विचारतो. आधी दोनच गोष्टी पाहतो. वस्तू गहाळ झाली किंवा फुटली तर कागदावर कोण, किती रुपयांना बांधलेला आहे? आणि पोचेपर्यंत ती किती हातांतून जाणार? नागपुरातून चारही दिशांना रेल्वे आणि रस्ते फुटतात, त्यामुळे पर्यायांना तोटा नाही. पण या दोन प्रश्नांवर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नाणी, टपाल तिकिटं, जुन्या नोटा, पत्रं अशा लहान वस्तूंसाठी माझं मत स्पष्ट आहे: विमा उतरवलेलं स्पीड पोस्ट. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट वेगळं उरलं नाही, ते स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. नोंदणी आता त्याच पाकिटावर जादा सेवा म्हणून मिळते. पण नुसतं स्पीड पोस्ट केलं म्हणजे वस्तू सुरक्षित झाली, असं समजू नका. बिनविम्याचं पाकीट हरवलं तर वर्षानुवर्षांचा नियम असा की भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांतलं जे कमी असेल तेवढीच भरपाई. म्हणजे ८० रुपये भरले असतील तर १६०. आत भोसलेकालीन रुपया होता की लग्नाची पत्रिका, याच्याशी त्या हिशोबाचा संबंध नाही. विमा मात्र १ लाख रुपयांपर्यंत उतरवता येतो, आणि विम्याचं पाकीट वेगळ्या शिस्तीनं हाताळलं जातं. सांध्यांवर लाखेचे शिक्के लागतात, वजन नेमकं टिपलं जातं. पोचताना शिक्का तुटलेला किंवा वजन कमी दिसलं तर घेणाऱ्यानं तिथंच उघडून पाहण्याचा आग्रह धरावा.

त्रास होतो तो काउंटरवर. वस्तीतल्या लहान टपाल कार्यालयात विम्याचं नाव काढलं की ‘इथं नाही होत भाऊ, जीपीओत जा’ हे उत्तर मी ऐकलेलं आहे. तेव्हा सरळ सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयातच जावं, आणि गर्दी वाढण्याआधी, सकाळी. लाख, सुतळी आणि स्वतःचा शिक्का सोबत न्यावा. शिक्का नेहमीचाच एक ठेवावा, कारण दाव्याच्या वेळी त्याचा ठसा हाच पुरावा असतो.

कुरिअर घरी येऊन नेतो, ट्रॅकिंग बरं असतं, बोलणंही गोड असतं. पण पावतीच्या मागचा बारीक मजकूर वाचा. बहुतेक ठिकाणी रोकड, दागिने, नाणी, पुराणवस्तू आणि कलावस्तू स्वीकारणार नाही असं छापलेलं असतं. मग लोक ‘गिफ्ट’ किंवा ‘डॉक्युमेंट’ लिहून पाठवतात. तिथंच दावा संपतो, कारण कागदोपत्री ती वस्तू पाठवलेलीच नसते. जबाबदारीची मर्यादा छापलेली असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर ती तुम्हाला लागू होते. १९९६ साली भारती निटिंग विरुद्ध डीएचएल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सही केलेल्या पावतीवरची १०० डॉलरची मर्यादा कायम ठेवली. मागणी त्याच्या कितीतरी पट होती. म्हणून कुरिअर मी फक्त दोन-पाच हजारांच्या आतल्या, पुन्हा मिळू शकतील अशा गोष्टींसाठी वापरीन.

खरा प्रश्न जड आणि नाजूक वस्तूंचा आहे. ग्रामोफोन, व्हॉल्व्हचा रेडिओ, लोलकाचं भिंतीवरचं घड्याळ. यांच्यासाठी नागपुरात तीन रस्ते आहेत आणि तिन्ही अपुरे आहेत.

ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये खोकं संध्याकाळी डिकीत चढतं आणि सकाळी पुण्यात किंवा हैदराबादेत उतरतं. मधे गोडाऊन नाही, दुसऱ्या गाडीत चढवणं नाही. हात सगळ्यांत कमी इथंच लागतात. पण कागद म्हणाल तर ड्रायव्हरचा मोबाइल नंबर आणि एखादी कच्ची चिठ्ठी. खोक्यावर बॅगा आणि पोती रचली गेली तर विचारायचं कुणाला? पलीकडे ओळखीचा माणूस बसजवळ उभा राहणार असेल तरच हा मार्ग घ्यावा.

शहराजवळच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टकडे पक्की बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची पावती मिळते, पण माल निदान दोन-तीनदा उतरतो-चढतो. माझा एक रेडिओ वरच्या बाजूचा बाण स्पष्ट काढलेला असूनही उलटा पोचला, डायलची काच फुटलेली; बुकिंगवाल्यानं बिल्टीवरचा ‘मालकाच्या जोखमीवर’ हा शिक्का दाखवला. त्या शिक्क्यापेक्षा महत्त्वाचा आहे तो २००७ चा रस्ते वाहतूक कायदा. मालाची जास्त किंमत आधी लिहून दिली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. ६०० रुपये भाडं असेल तर ६,००० वर हिशोब थांबतो, ग्रामोफोन ४०,००० चा असला तरी. म्हणून किंमत फॉर्मवर आणि बिल्टीवर लिहूनच घ्यावी, जास्त भाडं मागितलं तर द्यावं. खोक्यावर मात्र ती लिहू नये. आत काय आहे हे बाहेरून वाचता आलं की चोराचं काम सोपं होतं.

रेल्वे पार्सलचंही तसंच. किंमत जाहीर न करता बुक केलं तर साधारण मालाला किलोमागे ५० रुपये ही मर्यादा. १२ किलोच्या ग्रामोफोनचे ६००. टक्केवारीचं शुल्क भरून किंमत जाहीर करता येते, ते करावंच.

ट्रान्सपोर्ट असो वा रेल्वे, महागड्या वस्तूला स्वतंत्र ट्रान्झिट विमा, म्हणजे वाटेतल्या नुकसानीचा विमा घ्यावा. त्यात ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी कलमं असतात. ‘सी’त मुख्यतः आग आणि वीज, ‘बी’त त्याशिवाय गाडी उलटणं, टक्कर असे ठरावीक धोके, आणि ‘ए’त व्यापक संरक्षण. हाताळताना काच फुटली तर उपयोगी पडेल ते ‘ए’. पण अपुरं पॅकिंग कुठल्याच कलमात बसत नाही, म्हणून पॅकिंगवर अर्धा दिवस गेला तरी चालेल. ग्रामोफोनची चावी उतरू द्यावी, म्हणजे स्प्रिंगवर ताण राहत नाही. साउंडबॉक्स (सुई बसते तो गोल भाग) काढून वेगळ्या डबीत, तबकडी फिरवणारी थाळी उचलून वेगळी, भोंगा वेगळ्या खोक्यात, टोनआर्म (साउंडबॉक्स धरणारा दांडा) कापडी पट्टीनं बांधलेला. घड्याळाचा लोलक काढलाच पाहिजे, नाहीतर वाटेत तो हलून वरची बारीक स्प्रिंग तोडतो. आतलं खोकं बाहेरच्या खोक्यात चारही बाजूंनी चार बोटं मोकळं ठेवून थर्माकोल भरावं, आणि हलवून पाहावं. आवाज आला तर पुन्हा उघडावं.

नागपूरच्या उन्हाचाही विचार करा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या गोडाऊनमध्ये किंवा बंद ट्रकमध्ये त्याहून जास्त तापतं. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या तिथं वाकतात, आणि मुळात ठिसूळ असल्यानं धक्क्यानं तुटतात. तबकड्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच पाठवा, आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. डिंक शाबूत असलेली कोरी तिकिटं पावसाळ्यात पाठवू नका.

वस्तू खरोखर दुर्मिळ असेल तर मी स्वतः घेऊन जाईन. स्लीपरमध्ये ४० किलो सामान बिनभाड्यानं नेता येतं. एक तिकीट आणि एक रात्र, एवढाच खर्च. परदेशी ग्राहक असेल तर आधी थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं जुनं नाणं किंवा मूर्ती खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. वय शंभरच्या अलीकडे की पलीकडे याबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळात चौकशी करावी.

नुकसान झालंच तर फोनवर भांडून काही मिळत नाही. ट्रकच्या मालाची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत आणि रेल्वेची सहा महिन्यांत द्यावी लागते. खोकं दबलेलं दिसलं तर ‘माल सुस्थितीत मिळाला’ अशा कागदावर सही करू नका. बिल्टीवर नुकसान लिहून, उघडतानाचा व्हिडिओ काढून, मगच सही करा.