धर्म शिकायचा तर बीएला तत्त्वज्ञान की पाली?

'धर्म' या नावाचा मेजर आपल्याकडच्या कॉलेजांत सहसा मिळत नाही. धर्माचा अभ्यास करायची ओढ असलेल्याने मग तत्त्वज्ञान घ्यावं की पाली, म्हणजे बौद्ध ग्रंथांची जुनी भाषा, हा प्रश्न उरतो. संस्कृतही आहे, पण तिथे काव्य, नाटक आणि व्याकरणाचा वाटा मोठा, म्हणून ते इथे बाजूला ठेवतो.

मी पाली निवडली. तरी तत्त्वज्ञानाची बाजू हलकी नाही. चार्वाक, जैन, बौद्ध, न्याय, मीमांसा, वेदान्त हे सगळे एकमेकांना काय उत्तर देतात ते तिथे एकत्र कळतं, शिवाय पाश्चात्त्य परंपराही येते. युक्तिवादाची कच्ची कडी शोधायची सवय लागते. यूपीएससीचा विचार असेल तर फरक आणखी ठळक आहे: तत्त्वज्ञान तिथे वैकल्पिक विषय आहे आणि त्याच्या दुसऱ्या पेपरात धर्माचं तत्त्वज्ञान येतं, पाली मात्र 2013 मध्ये त्या यादीतून गेली.

मला खटकली ती एकच गोष्ट, आणि निर्णय तिच्यावरच झाला. धर्माचं तत्त्वज्ञान म्हणून जे शिकवतात ते बहुतेक ईश्वराच्या अस्तित्वाभोवती फिरतं. ईश्वर आहे हे युक्तिवादाने सिद्ध करू पाहणारे अन्सेल्म, अक्वायनस, पेली, मग अशुभाची समस्या, म्हणजे चांगला ईश्वर असताना जगात दुःख का हा प्रश्न. भारतीय बाजूला ईश्वरसिद्धीसाठीच लिहिलेली नैयायिक उदयनाची 'न्यायकुसुमाञ्जली'. बौद्ध धर्मासारखा ज्याला सृष्टिकर्ता ईश्वर नकोच आहे, तो धर्म या चौकटीत जेमतेम बसतो. आणि धर्म म्हणजे माणसं काय खातात, काय टाळतात, दान कुणाला देतात, चुकलं तर कबूल कसं करतात, याला तर जागाच मिळत नाही. मूळ ग्रंथही सारांशातूनच भेटतात.

पालीत याच्या उलट घडतं. विनयात, म्हणजे बौद्ध संघाच्या शिस्तीच्या ग्रंथांत, भिक्षूंचे 227 नियम आहेत, भिक्षुणींचे 311, आणि नियम कोणत्या प्रसंगातून आला तेही विनयपिटकातच सांगितलेलं आहे. पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहायचं ते का, चीवर (भिक्षूचं वस्त्र) कुणी कसं स्वीकारायचं, पातिमोक्खाआधी, म्हणजे संघात नियमांचं पठण होण्याआधी, दोष कसा सांगायचा, हे वाचताना एक धर्म चालतो कसा ते दिसतं. पुढे ब्राह्मी शिकलात तर कार्ले-कान्हेरीच्या प्राकृत लेखांतले दानही वाचता येतात. 2024 मध्ये मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात दर्जा मिळाला, हे आणखी एक.

पाली सोपी आहे असं ऐकाल. द्विवचन नाही, देवनागरीत छापलेली मिळते, 'हत्थ' बघून हात कळतो. पण या ओळखीमुळेच मुलं फसतात. 'सञ्ञा' (वस्तू ओळखणारी जाणीव) म्हणजे व्याकरणातली संज्ञा समजून पुढे जातात, नेमलेल्या उताऱ्यांचं मराठी भाषांतर पाठ करतात आणि अपठित उतारा आला की अडकतात. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: आधी 'बुद्ध' शब्द आठही विभक्तींत पक्का करायचा, मग गद्य सुत्त, म्हणजे बुद्धाचा उपदेश, घ्यायचं. दीघनिकाय या लांब सुत्तांच्या संग्रहातलं सिगालोवाद चांगलं. त्यात वाक्यं पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे रूपं आपोआप मुरतात. प्रत्येक शब्दाची विभक्ती लिहून झाल्यावरच अर्थ लावायचा. धम्मपदाच्या 423 गाथा त्यानंतर, कारण पद्यात शब्दांचा क्रम विस्कटतो.

पालीची खरी उणीव म्हणजे इस्लाम, ख्रिस्ती धर्म जवळजवळ येतच नाहीत. तुलना हाच तुमचा हेतू असेल तर तत्त्वज्ञानच बरं पडावं. नाहीतर पाली मेजर आणि तत्त्वज्ञान मायनर, ही जोडी मला जास्त पटते; युक्तिवाद नंतरही शिकता येतो, भाषा मात्र सुरुवातीलाच मुरावी लागते.

फॉर्म भरण्याआधी विभागात तीन गोष्टी विचारा: पाली तिसऱ्या वर्षापर्यंत मेजर म्हणून चालते का, शिक्षक पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, आणि ही जोडी वेळापत्रकात बसते का. पहिल्याचं उत्तर 'विद्यार्थी आले तर' असं मिळालं, तर दुसरं कॉलेज बघा.