बॉब नाइटच्या लॉकर रूममध्ये बसलेला पत्रकार: 'अ सीझन ऑन द ब्रिंक' घ्यावं का?

आधीच सांगून टाकते, बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नसेल तरी हे पुस्तक घ्या, आणि बास्केटबॉल चांगलं कळत असेल तर मधली काही पानं भराभर उलटायची तयारी ठेवून घ्या. वॉशिंग्टन पोस्टचा क्रीडा पत्रकार जॉन फाइनस्टाइन याचं 1986 चं पुस्तक आहे, इंडियाना युनिव्हर्सिटीचा कोच बॉब नाइट आणि त्याची टीम यांच्यासोबत काढलेला 1985-86 चा अख्खा सीझन. आपल्याकडे कॉलेजच्या मॅचला खेळाडूंचे चार मित्र आणि पीटीचे सर सोडले तर कोण येतं, त्यामुळे तिकडे हे केवढं मोठं प्रकरण आहे ते पटकन डोक्यात शिरत नाही. युनिव्हर्सिटीचं गाव ब्लूमिंग्टन म्हणजे काही फार मोठं शहर नाही, पण मॅच असली की असेंब्ली हॉलमध्ये 17 हजारांच्या आसपास पब्लिक, आणि कोच म्हणजे गावाचा राजा.

आणि राजा कसला, जमदग्नी. 1976 ला 32-0, म्हणजे एकही मॅच न हरता नॅशनल टायटल, 1981 ला परत टायटल, 1984 ला ऑलिंपिक गोल्ड मिळवणाऱ्या अमेरिकन टीमचा कोच. आणि मग 23 फेब्रुवारी 1985, पर्ड्यूविरुद्धच्या मॅचमध्ये रेफरीवर भडकून याने प्लास्टिकची खुर्ची उचलून कोर्टवर भिरकावली, समोर फ्री थ्रो घ्यायला खेळाडू उभा असताना. व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. तो सीझन टीमने 19-14 वर संपवला, नाइटच्या हिशोबात ही नाक कापल्यासारखीच गोष्ट. अशा वेळी कुठलाही कोच पत्रकारांना दार बंद करेल ना, याने पुढच्या सीझनला एका पत्रकाराला आत घेतलं. प्रॅक्टिस, टीम मीटिंग, हाफटाइमची झापाझापी, हॉटेलमधलं जेवण, सगळीकडे फाइनस्टाइन हजर. प्रकाशकाने ॲडव्हान्स दिला होता 17,500 डॉलर, म्हणजे कोणालाच वाटलं नव्हतं की हे पुस्तक बेस्टसेलरच्या यादीत एक नंबरला जाईल.

मी स्वतः काही वर्षं क्रीडा डेस्कवर काढलीत, त्यामुळे हे पुस्तक वाचताना माझं लक्ष कोचपेक्षा पत्रकाराकडेच जास्त होतं. कोचला दोन प्रश्न विचारायचे, बाईट घ्यायचा, डेडलाइनच्या आत पान सोडायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना माहितीये की तापट कोच हा काही वाईट कोच नसतो, तो महागडा कोच असतो, म्हणजे त्याच्याकडून एक साधं वाक्य काढायलासुद्धा किंमत मोजावी लागते. एक तर चारचौघांत अपमान गिळा नाहीतर त्याला आवडेल असं लिहा. नाइटने तर हे धंद्यासारखं चालवलं होतं. त्याचं ते गाजलेलं वाक्य आहेच, लिहायला आपण सगळेच दुसरीत शिकतो, पण बहुतेक लोक त्यानंतर जरा मोठी कामं करायला लागतात. हॉल हसतो, प्रश्न विचारणारा लाल होतो, आणि मूळ प्रश्न हरवतो. लोक याला विनोदबुद्धी म्हणतात. मला यात पद्धतशीर काम दिसतं, कारण एकाचा पाणउतारा झाला की मागच्या रांगेतले पाच जण आपापले प्रश्न खिशात घालतात.

तर पुस्तक. सुरुवातच डॅरिल थॉमस नावाच्या खेळाडूच्या झाडाझडतीने होते. सेंटर खेळणारा दांडगा पोरगा, स्वभावाने मऊ, आणि नाइट त्याला सगळ्या टीमसमोर असा सोलून काढतो की वाचताना आपणच मान खाली घालतो. शिव्या आहेत, आणि भरपूर आहेत. पण फाइनस्टाइन तिथेच थांबत नाही, तो नाइटची दुसरी बाजूही तेवढीच जागा देऊन मांडतो. लँडन टर्नर हा 1981 च्या टायटल टीमचा खेळाडू त्याच उन्हाळ्यात कार ॲक्सिडेंटमध्ये कमरेखाली अधू झाला, तेव्हा त्याच्या उपचारासाठी पैसे उभे करायला नाइट जिवाचं रान करत होता. तोच माणूस, तीच छाती. हे दोन्ही वाचून डोकं गरगरतं आणि त्यातच पुस्तकाची मजा आहे, लेखक कुठेही येऊन आपल्याला सांगत नाही की आता याला चांगला समजा किंवा वाईट समजा.

माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे स्टीव्ह अल्फर्डचं कॅलेंडर. अल्फर्ड टीमचा स्टार, ऑलिंपिक गोल्ड असलेला, इंडियानाच्याच मातीतला. एका सोरोरिटीने, म्हणजे कॉलेजमधल्या मुलींच्या संघटनेने, चॅरिटीसाठी कॅलेंडर काढलं, त्यात याने फोटो दिला, एक पैसा घेतला नाही. एनसीएए, म्हणजे तिकडे कॉलेजांचे खेळ चालवणारी संघटना, तिचा नियम आडवा आला आणि एका मॅचची बंदी, तीही केंटकीविरुद्धच्या मॅचची, जी इंडियाना हरली. आता बाहेरचा पत्रकार असता तर बातमी काय झाली असती, नियम मूर्खपणाचा आहे आणि बिचारा अल्फर्ड, एवढंच. आत बसलेल्या फाइनस्टाइनला दिसतं की नाइटचा राग नियमावर कमी आणि अल्फर्डवर जास्त आहे, आणि तो राग तो किती दिवस किती ठिकाणी काढतो. ॲक्सेस ॲक्सेस म्हणतात तो हाच.

आता कमी पडतं कुठे ते. एक, मॅचची वर्णनं फार आहेत. बिग टेन या इंडियानाच्या लीगमधल्या प्रत्येक मॅचचा हिशोब आज 40 वर्षांनी कोणाला हवाय, जानेवारीतल्या मॅचेस तर मी सरळ उडवल्या. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. फाइनस्टाइन कुठे कुठे नाइटच्या प्रेमात आहे. शब्दांत नाही दिसत, पण एखादा भयंकर प्रसंग झाला की लगेच दोन पानांत एखादा गोड प्रसंग येतो, जणू वजनकाटा बरोबर ठेवायचाय. यजमानाच्या घरी जेवून त्याच्या स्वयंपाकाबद्दल लिहायचं म्हटल्यावर एवढं होणारच म्हणा. आणि बाकीचे पत्रकार, जे रोज रात्री मॅच संपल्यावर त्या खोलीत बसून टोमणे ऐकत होते, ते पुस्तकात पार्श्वभूमीलाच राहतात. ते मला खटकलं.

अपवाद एक, बॉब हॅमेल. ब्लूमिंग्टनच्या स्थानिक पेपरचा क्रीडा संपादक आणि नाइटचा खरोखरचा मित्र. नाइटच्या 2002 च्या आत्मचरित्राचा सहलेखकही तोच. हॅमेलला सगळं माहिती असायचं, आणि मित्र असल्यामुळे काय छापायचं नाही तेही माहिती असायचं. मी त्याला नावं ठेवणार नाही, गावातल्या पेपरमध्ये काम करून राजाशी वैर घेऊन जगता येत नाही, हे आपल्याकडे तालुक्याच्या बातमीदाराला विचारा, तो सांगेल. पण मग नाइटने एका खेळाडूचा गळा धरल्याची बातमी कोणी आणली, तर हजार मैलांवरच्या माणसांनी. सीएनएनच्या रॉबर्ट ॲबटने मार्च 2000 मध्ये नील रीड या त्याच्या जुन्या खेळाडूचा आरोप दाखवला, नाइटने साफ नाकारलं, आणि एप्रिलमध्ये 1997 च्या प्रॅक्टिसची टेपच टीव्हीवर लागली, त्यात नाइटचा हात रीडच्या गळ्यावर. ॲबटला नाइटच्या बाईटची गरजच नव्हती, रोज सकाळी त्याला ब्लूमिंग्टनमध्ये तोंड दाखवायचं नव्हतं. सप्टेंबरमध्ये युनिव्हर्सिटीने नाइटला काढलं. हे पुस्तकात अर्थातच नाही, पण पुस्तक वाचून झाल्यावर हे वाचलंत तर फाइनस्टाइनची जागा नीट कळते, तो ना मित्र ना परका, मधल्या उंबऱ्यावर बसलेला.

आणि उंबऱ्यावर बसणाऱ्याला दोन्हीकडून बसतं. पुस्तक आलं आणि नाइट भडकला, म्हणे शिव्या छापणार नाही असं ठरलं होतं. शिव्या! थॉमसला रडवलं ते चाललं, पण ते कुठल्या शब्दांत ते छापायचं नाही. फाइनस्टाइनचं म्हणणं की शिव्या काढल्या तर नाइट उरतोच किती, आणि तशाही त्याने बऱ्याच गाळल्या होत्या. नाइटने जाहीरपणे त्याला कधी दलाल म्हटलं कधी वेश्या, त्यावर फाइनस्टाइनचं उत्तर असं की एकदा काय ते नक्की ठरवा म्हणजे मला त्याप्रमाणे कपडे करता येतील. हे उत्तर मी त्या काळात डेस्कवर चिकटवून ठेवायला हवं होतं.

ज्यांना वाटतं नाइट फक्त पुस्तकातच असा होता त्यांनी 1995 चा बॉयसीचा प्रसंग शोधून बघा. एनसीएए स्पर्धेत मिसुरीकडून हरल्यावर प्रेस कॉन्फरन्सच्या टेबलावर बसलेल्या माणसाने पत्रकारांना सांगितलं की कोच येणार नाहीत, तेवढ्यात नाइट आला आणि त्या बिचाऱ्याला सगळ्या कॅमेऱ्यांसमोर धुतलं. तो काही पत्रकारही नव्हता, मदतीला बसवलेला माणूस. एनसीएएने 30 हजार डॉलर दंड केला. किंवा सप्टेंबर 2000, नोकरी गेल्यावर ईएसपीएनवर लाइव्ह, जेरेमी शॅप प्रश्न विचारतोय, मध्ये मध्ये बोलतोस म्हणून नाइट चिडतो आणि शेवटी त्याच्या बापाचं नाव काढतो, डिक शॅप हे केवढे मोठे पत्रकार, तुला त्यांच्याएवढं व्हायला अजून लांबचा पल्ला गाठायचाय. शॅप काय करतो, आवाज न चढवता पुढचा प्रश्न विचारतो. पत्रकारितेच्या पोरांना शिकवायला यापेक्षा चांगला व्हिडिओ मला माहीत नाही. आणि गंमत म्हणजे 2008 पासून नाइट त्याच ईएसपीएनवर एक्स्पर्ट म्हणून बसायला लागला, पगार घेऊन, हातात माइक.

इंग्रजी सोपं आहे, पत्रकाराचं इंग्रजी, छोटी वाक्यं. पहिल्या काही पानांत नावांचा गोंधळ होतो, कोण असिस्टंट कोण खेळाडू, तेवढं सहन करा, नंतर सगळे ओळखीचे होतात. बास्केटबॉलच्या डिफेन्सच्या चर्चा कळल्या नाहीत तरी अडत नाही. मी सेकंडहँड पेपरबॅक मागवलं होतं, विकणाऱ्याने 'उत्तम स्थिती' लिहिलं होतं आणि आलं ते पिवळं पडलेलं, बाइंडिंग सुटलेलं, मधली पानं हातात, तर शक्य असेल तर ईबुक घ्या. बारीक टाइपचा डोळ्यांना होणारा त्रासही वाचेल. शाळकरी पोरांना भेट देऊ नका, भाषा खरंच तशी आहे. कोचिंग करणाऱ्या कोणाला देणार असाल तर मात्र जरा विचार करून द्या, कारण मी असे दोन प्रकारचे लोक बघितलेत, एकाला हे वाचून घाम फुटतो आणि दुसरा त्यातून नोट्स काढतो.

शेवट सांगते, इतिहास आहे त्यामुळे सस्पेन्स वगैरे काही फुटत नाही. टीम 21-8 करते आणि एनसीएएच्या पहिल्याच राउंडला क्लीव्हलंड स्टेट नावाच्या कोणाला फारसं माहीत नसलेल्या कॉलेजकडून हरते. फाइनस्टाइनचं नशीब बघा, पुढच्याच वर्षी, 1987 ला, हीच टीम सिराक्यूजला 74-73 ने हरवून टायटल जिंकली, अल्फर्ड आणि तो रडवलेला थॉमस दोघंही त्यात होते. एक वर्ष उशिरा गेला असता तर विजयाचं गुळगुळीत पुस्तक झालं असतं आणि मी ते वाचलंही नसतं.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा जानेवारीतल्या मॅचेसचा कापला. यावर 2002 ला ईएसपीएनने टीव्ही फिल्मही काढली, एका चॅनलवर शिव्यांसकट आणि दुसऱ्यावर बीप मारून एकाच वेळी दाखवली. ती नाही बघितलीत तरी चालेल.