ड्युओलिंगोवरचं गॅलिक: शाळेच्या जोडीला कितपत पुरतं?

मूल स्कॉटलंडच्या शाळेत शिकतंय अशा मराठी आईबाबांसाठी, ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपबद्दल. आधी उच्चार. स्कॉटलंडच्या भाषेला 'गॅलिक' म्हणायचं. 'गेलिक' म्हटलं की आयरिश समजतात.

मूल गॅलिक माध्यमात असेल तर या अ‍ॅपची त्याला फारशी गरज नाही. 1985 मध्ये ग्लासगो आणि इनव्हर्नेसला सुरू झालेल्या या शिक्षणात पहिली तीन वर्षं वर्गात गॅलिकच असतं. अ‍ॅपचा खरा उपयोग इंग्रजी शाळेत आठवड्यातून थोडंसं गॅलिक शिकणाऱ्या मुलांना, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईबाबांना.

2019 मध्ये आलेल्या या कोर्सची मोठी जमेची बाजू आवाज. तो यंत्राचा नाही, गॅलिक बोलणाऱ्या माणसांचा आहे. अडचण अशी की सगळं इंग्रजीतून समजावलेलं. 'हा कू अकम' म्हणजे शब्दशः 'आहे कुत्रा माझ्यापाशी'. इंग्रजीवाला इथे अडखळतो, मराठी माणसाला फक्त क्रियापद पुढे आणायचं असतं. तू आणि तुम्ही? तेही आहेत: 'ऊ' आणि 'शिव'. हो-नाहीला वेगळे शब्द नाहीत, प्रश्नातलंच क्रियापद परत म्हणायचं. त्यामुळे घरी वाक्यांचा अर्थ मराठीतूनच सांगा.

चुका होतात त्या शब्दाच्या सुरुवातीला. आई म्हणजे 'माहिर' (हो, आपल्या माहेरातल्या मातेचीच नातलग), पण 'माझी आई' म्हणताना 'मो वाहिर'. लिहिताना म पुसायचा नाही, त्याच्यापुढे एच जोडायचा. शब्दांचे ठोकळे जुळवून हे कधीच पक्कं होत नाही, कारण एच आयताच मिळतो. म्हणून संगणकावर टायपिंगचा पर्याय निवडा. स्वरांवरची तिरकी रेघ गाळली तरी अ‍ॅप चालवून घेतं, वहीत मात्र ती हवीच: 'बाता' होडी आणि 'बता' काठी, फरक त्या रेघेचाच. फोनवर स्वराचं बटण दाबून धरलं की ती मिळते.

रोज 10 मिनिटं पुरे. अडलेला शब्द लर्नगॅलिक या संकेतस्थळाच्या कोशात ऐका, आणि सलग बोलणं कानावर पडावं म्हणून 2021 पासून मोफत असलेला स्पीकगॅलिक हा गॅलिक शिकवणारा कार्यक्रम लावा. अ‍ॅपमध्ये ही उणीव राहतेच, तिथे सुटी वाक्यं फार.

स्कॉटलंडचीच दुसरी भाषा, स्कॉट्स, शोधत असाल तर ती इथे नाही. ती भाषाच निराळी, गॅलिकपेक्षा इंग्रजीच्या जवळची. त्यासाठी ओपन युनिव्हर्सिटीचा मोफत कोर्स बघा. पण तो मोठ्यांसाठी आहे, प्राथमिक शाळेतल्या मुलाला एकट्याने जमणार नाही.