वीस इंटरनेट फोनचं ऑफिस: टेबलागणिक अडॅप्टर की पीओई स्विच?

टेबलागणिक विजेचे अडॅप्टर आणि एक पीओई स्विच (फोन नेटवर्कला जोडून त्याच केबलमधून त्यांना वीज देणारी पेटी) यांची कोटेशनं शेजारी शेजारी ठेवली की अडॅप्टर स्वस्त दिसतात, आणि चार-पाच फोनच्या ऑफिसात ते खरंच स्वस्त पडतात. वीस फोनांवर मात्र हिशेब उलटतो. तो उलटवते महावितरण.

अडॅप्टरवरचा फोन टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डाच्या भरवशावर. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेले की रॅकमधला राउटर यूपीएसवर चालू राहतो आणि फोन सगळे बंद. शिवाय झाडू मारताना पिन निघते, कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला अडॅप्टरच उपसतं. पीओईमध्ये नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज मिळते, म्हणून रॅकमध्ये एक यूपीएस लावला की काम झालं. मात्र इंटरनेटवाल्याचा ओएनटी (फायबरची लाइन जिथे येते तो डबा) पुष्कळदा दाराशी वेगळ्याच सॉकेटवर असतो. तो यूपीएसवर घ्यायचा राहिला तर फोनचे पडदे उजळलेले आणि कॉल एकही नाही.

यूपीएस केवढा? साधा फोन २ ते ६ वॉट खातो. वीस फोनांचे १०० धरा, स्विच, राउटर आणि ओएनटी मिळून आणखी ५०. एवढ्या लोडवर १ केव्हीएचा, आत ७ एएचच्या दोन बॅटऱ्या असलेला यूपीएस अर्धा-पाऊण तास काढतो. जास्त वेळ हवा असेल तर १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर घ्या, पण तो यूपीएस मोडवर ठेवा. नाहीतर लाइट जाताना क्षणभराच्या खंडाने स्विच रिस्टार्ट होतो आणि फोन परत रजिस्टर होईपर्यंत, म्हणजे सेवेशी पुन्हा जोडले जाईपर्यंत, दोन-तीन मिनिटं रिसेप्शनवर शुकशुकाट.

स्विच घेताना पोर्ट मोजून थांबू नका. ८०२.३एएफ या पीओईच्या मानकाच्या पोर्टातून १५.४ वॉटपर्यंत वीज मिळते, पण सगळ्या पोर्टांना एकदम तेवढी देण्याइतकं विजेचं एकूण बजेट प्रत्येक स्विचचं नसतं. नुसत्या फोनांना एकूण १९० वॉट भरपूर झाले; पुढे कॅमेरे जोडायचे असतील तर आत्ताच वरचं मॉडेल बघा. २४ व्होल्टच्या पॅसिव्ह इंजेक्टरवर (केबलमध्ये थेट वीज सोडणाऱ्या स्वस्त डबीवर) हे फोन चालत नाहीत. केबल शुद्ध तांब्याचीच घ्या, मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. तिच्यात वीज वाटेतच जिरते. आणि स्विचपासून फोनपर्यंत १०० मीटरच्या आत राहा.

इंटरनेटचा मोठा प्लॅन गळ्यात मारायला आले तर नको म्हणा. जी.७११ कोडेकवरचा (आवाज डिजिटल करण्याच्या नेहमीच्या पद्धतीचा) एक कॉल प्रत्येक दिशेला जेमतेम ९० केबीपीएस घेतो, म्हणजे एकाच वेळी दहा कॉल १ एमबीपीएसमध्ये बसतात. आवाज तुटतो तो अकाउंट्सवाल्यांचा बॅकअप अपलोडला लागला की. त्यावर उपाय म्हणजे फोनांना वेगळा व्हीएलएएन (त्याच केबलांवरचं स्वतंत्र नेटवर्क) आणि राउटरवर व्हॉइसला प्राधान्य. त्यासाठी मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच लागतोच, मग तो पीओईचाच का घेऊ नये?

सहा ते दहा फोनांच्या मधल्या ऑफिसांनाही माझं मत पीओईलाच. फक्त फोनमागच्या पोर्टातून कम्प्युटर जोडणार असाल तर फोन गिगाबिट (१००० एमबीपीएस पोर्टांचा) घ्या. स्वस्त मॉडेलांत तो पोर्ट १०० एमबीपीएसचा असतो आणि कम्प्युटरचा वेग तिथेच अडतो.