टाइमकोड की फ्रेमसंख्या?

रामकुंडावरच्या गोदाआरतीचं चित्रण एडिट करताना दोन्ही लागतात. टाइमकोड म्हणजे तास:मिनिटं:सेकंद:फ्रेम असा पत्ता; फ्रेमसंख्या म्हणजे सुरुवातीपासून मोजलेल्या फ्रेम, म्हणजे चित्रणातली एकेक स्थिर चित्रं.

माणसाशी बोलायला टाइमकोडच बरा. ‘००:०४:१०:१२ ला दिवे ओवाळतात’ म्हटलं की पंचवटीतल्या कॅमेरामनला जागा लगेच सापडते. ‘फ्रेम ६२६२’ सांगून त्याला काहीच उमगत नाही.

हिशेबाला मात्र मी फ्रेमसंख्याच धरतो. शेवटातून सुरुवात वजा केली की शॉटची लांबी हातात, हातचे घेण्याची भानगड नाही. आपल्याकडच्या सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणात रूपांतरही सोपं: ४ मिनिटं १० सेकंद म्हणजे २५० सेकंद, गुणिले २५, अधिक १२.

खरी परीक्षा सेकंदाला २९.९७ फ्रेमच्या चित्रणात. तिथे टाइमकोडचे दोन प्रकार. ड्रॉप-फ्रेममध्ये घड्याळाशी मेळ राहावा म्हणून दर मिनिटाच्या सुरुवातीचे दोन क्रमांक गाळतात, दर दहाव्या मिनिटाला मात्र नाही. चित्रातली फ्रेम एकही जात नाही, नुसते आकडे वगळले जातात! म्हणून ०१:००:००:०० म्हणजे काहीच न गाळणाऱ्या नॉन-ड्रॉपमध्ये १,०८,००० फ्रेम, ड्रॉपमध्ये १,०७,८९२. प्रकार ओळखण्यात चूक झाली तर तासाभराच्या आरतीत कट साडेतीन सेकंदांहून जास्त सरकतो. शेवटच्या दोन आकड्यांआधी अर्धविराम दिसला तर समजा, ड्रॉप-फ्रेम आहे.